अँब्युलन्समधली नोंद कॅज्युअल्टीच्या दारातच का थांबते?

मुंबईत १०८ ची अँब्युलन्स सायन किंवा केईएम रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीसमोर येऊन थांबते, तोवर गाडीतल्या डॉक्टरांनी बरंच काही टिपून ठेवलेलं असतं. फोन किती वाजता आला, गाडी जागेवर कधी पोचली, तेव्हा नाडी आणि रक्तदाब किती होता, रुग्ण हाकेला ओ देत होता का, ऑक्सिजन कधी लावला, कोणतं इंजेक्शन दिलं. रुग्ण ट्रॉलीवर घेतला जातो, घाईघाईत तोंडी चार वाक्यं सांगून होतात, रुग्ण ताब्यात मिळाल्याची सही होते आणि गाडी पुढच्या कॉलला निघते. आत केसपेपर निघतो आणि नाव, वय, नाडी, रक्तदाब सगळं पहिल्यापासून लिहिलं जातं. थोड्या वेळाने सर्जनला एक गोष्ट हवी असते: हा माणूस आधी शुद्धीवर होता का, आणि होता तर कधीपर्यंत? डोक्याला मार लागलेला माणूस आधी नीट बोलत होता आणि मग हळूहळू गप्प होत गेला, तर कवटीच्या आत रक्त साचत असल्याची शंका घ्यावी लागते. त्याचं उत्तर अँब्युलन्समधल्या नोंदीत असतं, पण ती नोंद नेमकी तेव्हा सर्जनच्या हाताशी नसते.

अँब्युलन्समधली आणि रुग्णालयातली नोंद एकमेकींना जोडायची, हा विषय निघाला की बोलणं लगेच सॉफ्टवेअरवर जातं. मुंबईतली ही दरी मात्र संगणकाच्या फार आधीची आहे. इथल्या आपत्कालीन सेवेत जे जे कागद तयार झाले ते पोलिसांसाठी, रेल्वेसाठी, नाहीतर बिलासाठी. पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरला काय लागेल, हा विचार करून त्यातला क्वचितच एखादा आखला गेला. माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे.

लोकलमधून पडलेल्या माणसाचंच बघा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर आजही वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जिवाला मुकतात, जखमी होणारे वेगळेच. अपघात झाला की हमाल स्ट्रेचर घेऊन धावतात आणि स्टेशन मास्तर मेमो लिहितात. त्यात वेळ असते, गाडी असते, रुळांशेजारच्या किलोमीटरच्या खांबाचा क्रमांक असतो, कारण त्यावरून लोहमार्ग पोलिसांची हद्द ठरते. रुग्णालयात पोचल्यावर तिथे ड्युटीवर असलेला पोलीस आपल्या रजिस्टरमध्ये नोंद घेतो. डॉक्टर मेडिकोलीगल केस, म्हणजे पोलीस तपास लागू शकेल अशी केस, म्हणून वेगळं लिहितात. खिशात ओळखपत्र नसेल आणि फोन रुळांतच कुठे तरी पडला असेल, तर केसपेपरवर येतं: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’. एका माणसाच्या अशा तीन-चार नोंदी तयार होतात, प्रत्येकीचा क्रमांक निराळा. फलाटावर ठेवला तेव्हा त्याचा श्वास कसा चालला होता, हे यातल्या एकीतही सापडायची खात्री नाही. स्टेशन मास्तरांचा यात काही दोष नाही. त्यांचा मेमो त्या कामासाठी आखलेलाच नाही.

पोलीस केस म्हटली की जखमीला हात लावायलाच लोक, आणि कित्येकदा दवाखानेसुद्धा, कचरत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर; सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर ती जबाबदारी आहे. मदत करणाऱ्या वाटसरूंना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये न्यायालयाने बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ती तरतूद आली. दार उघडलं ते असं टप्प्याटप्प्याने. दारातून आत येणाऱ्या माहितीकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही.

अँब्युलन्ससाठी सगळ्यांना पाठ असेल असा एक नंबरसुद्धा मुंबईला उशिराच मिळाला. २००५ मध्ये १२९८ ही सेवा शहरात सुरू झाली. तिची भाड्याची पद्धत वेगळी होती. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण भाडं घ्यायचं, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याला सवलत द्यायची. गरिबाला परवडावं म्हणून काढलेली ही युक्ती चांगलीच होती, पण रुग्णालयाचं नाव इथे भाडं ठरवायला कामी यायचं. रुग्ण येतोय, तयारीत राहा, असा निरोप पुढे धाडण्याची सोय शहरात त्यानंतरही रुळली नाही.

अशी निरोपाची सोय नसली की काय होतं, हे ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी दिसलं. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं मेली, सातशेच्या वर जखमी झाली. रुळांशेजारच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढलं आणि टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, मिळेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात नेलं. जीव वाचले ते त्यांच्यामुळे. पण कोण कुठे पोचलं याची एकत्र नोंद कुठेच नव्हती. नातेवाईक या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरत होते, भिंतीवर लावलेल्या याद्यांत नाव शोधत होते.

राज्याची १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांसाठी जास्त साधनं असलेल्या. देशातल्या बहुतेक राज्यांत या गाड्यांमध्ये प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर ठेवला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे गाडीतली नोंद ही एका डॉक्टरचं निरीक्षण झाली. १०८ चं नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला बसलं. अंधेरीतून फोन केला तरी तो तिकडे जातो आणि तिथून जवळची गाडी निघते. सेवा राज्य सरकारची, चालवणारा कंत्राटदार. बहुतेक रुग्ण जातात ती केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं महापालिकेची. जे. जे. पुन्हा राज्याचं, पण वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, आणि १०८ आहे आरोग्य खात्याकडे. रेल्वे केंद्राची. एका जखमीच्या एका तासात इतकी खाती येतात. गाडी किती मिनिटांत पोचली याचा हिशेब प्रत्येक कंत्राटात असतो. रुग्णाचं पुढे काय झालं, याचा हिशेब मात्र कंत्राटात सहसा मागितला जात नाही.

रुग्णालयांच्या आत काय चाललं होतं? राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एचएमआयएस ही रुग्णांच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली काही वर्षं चालली. २०२२ मध्ये कंत्राटदाराशी झालेल्या वादानंतर ती बंद पडली आणि जे. जे. सारख्या रुग्णालयात पुन्हा हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. नंतर केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-हॉस्पिटल प्रणाली आणली गेली. अशी प्रणाली नोंदणी खिडकी, बिल, फार तर लॅबचे रिपोर्ट इथपासून सुरू होते. कॅज्युअल्टीत, जिथे एका हाताने जखम दाबून धरलेली असते, तिथे संगणक सगळ्यात शेवटी पोचतो.

या सगळ्यात एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईतलं केईएम आणि सायन, तसंच दिल्ली आणि कोलकात्यातलं एकेक रुग्णालय, यांनी मिळून गंभीर जखमी रुग्णांची एक नोंदवही तयार केली. सुमारे सोळा हजार रुग्णांची माहिती तिच्यात जमली. ती गोळा करायला प्रशिक्षित माणसं कॅज्युअल्टीत उभी राहत, रुग्ण आला की रक्तदाब, श्वास, शुद्धीची पातळी आणि वेळ टिपत आणि तो घरी जाईपर्यंत किंवा मरेपर्यंत त्याचा माग ठेवत. वेगळी माणसं नेमल्याशिवाय ही माहिती एकत्र येत नव्हती, यातच सगळं आलं. यातले कितीतरी रुग्ण अपघाताच्या जागेवरून थेट आलेले नव्हते. आधी दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात जाऊन मग ‘रेफर’ होऊन ते इथे पोचले होते. गोवंडी किंवा मालाडच्या माणसाला हे नवीन नाही: आधी जवळचं छोटं रुग्णालय, तिथून उपनगरातलं पालिका रुग्णालय, तिथून सायन किंवा केईएम. प्रत्येक ठिकाणी नवा कागद निघतो आणि जुना कागद नातेवाइकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो.

परदेशातही हे सहज झालेलं नाही. अमेरिकेत २००१ पासून अँब्युलन्सच्या नोंदींचा एक राष्ट्रीय नमुना आकाराला येत गेला. २००९ मध्ये सरकारने रुग्णालयांना आणि डॉक्टरांना संगणकीय नोंदींसाठी भरघोस प्रोत्साहन निधी दिला, पण अँब्युलन्स सेवा त्यातून वगळल्या गेल्या. रुग्णालयं पुढे गेली, गाड्या मागे राहिल्या. ती फट बुजवण्यासाठी काही वर्षांनी तिथे चार कामांची एक आखणी पुढे आली. गाडीतूनच रुग्णाची जुनी माहिती, ॲलर्जी, चालू औषधं शोधायची. रुग्णालयाला आगाऊ कळवायचं. गाडीतली नोंद थेट रुग्णालयाच्या नोंदीत टाकायची. आणि रुग्णाचं पुढे काय झालं ते अँब्युलन्स सेवेला परत कळवायचं. यातलं चौथं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे १०८ चा डॉक्टर छातीत दुखणाऱ्या माणसाला कॅज्युअल्टीत सोडतो, आणि तो हार्ट अटॅक होता की आणखी काही, हे त्याला एरवी कधीच कळत नाही. आपला अंदाज बरोबर होता की चुकला, हे समजल्याशिवाय हात तयार कसा होणार?

तंत्राच्या बाजूने भारत रिकाम्या हाताने उभा नाही. आरोग्य नोंदींची राष्ट्रीय मानकं २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली गेली. आजार आणि लक्षणं एकाच सांकेतिक पद्धतीने लिहिण्यासाठी लागणारी स्नोमेड सीटी शब्दावली भारताने २०१४ मध्ये घेतली, आणि या सगळ्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन एफएचआयआर या, आरोग्य नोंदींची देवाणघेवाण करण्याच्या आंतरराष्ट्रीय मांडणीवर चालतं. त्यात रुग्णाला आभा हा चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक मिळतो, नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दिसतात. खाजगी दवाखाने, लॅब आणि औषधांची दुकानं या जाळ्यात आणण्याचे सुरुवातीचे प्रयोग ज्या शहरांत झाले त्यात मुंबईही होती.

मध्येच कोविड आला. जून २०२० मध्ये पालिकेने चोवीस वॉर्डांत वॉर रूम उघडल्या. कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत हे एका डॅशबोर्डवर दिसू लागलं आणि खाट ठरवणं, अँब्युलन्स पाठवणं एकाच टेबलावरून व्हायला लागलं. बेस्टच्या बससुद्धा अँब्युलन्स झाल्या. गाडी आणि खाट यांची एवढी घट्ट सांगड या शहरात आधी बसली नव्हती. पालिका, राज्य आणि खाजगी रुग्णालयं एका यादीत येऊ शकतात, हे तेव्हा सिद्ध झालं. फक्त त्या पडद्यावर खाट दिसायची. रुग्णाचा इतिहास त्यात नव्हता, आणि साथ ओसरल्यावर ती सांगडही सुटली.

आता अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं संमतीचं. आभाची नेहमीची वाट मोबाइलवरून जाते: ओटीपी येतो, माणूस हो म्हणतो, मग नोंद उघडते. बेशुद्ध माणूस हो कसं म्हणणार? वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने जिवावर बेतलेल्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिली आहे. म्हणजे कायद्याचा अडसर नाही. अशा वेळी नोंद कोण उघडेल, किती उघडेल आणि कोणी उघडली याची नोंद कशी राहील, हे ठरवून गाडीतल्या डॉक्टरच्या हातात द्यावं लागेल. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, एवढं दिसलं तरी वाटेत पुरे. बाकीची फाइल गाडीत उघडायची गरज नाही, उघडूही नये.

दुसरी अडचण त्या ‘अनोळखी पुरुषा’ची. त्याचा आभा क्रमांक असला तरी तो कोणाला ठाऊक नाही. ओळख पटेपर्यंत त्याला एक तात्पुरता क्रमांक लागेल, जो फलाटापासून वॉर्डापर्यंत टिकेल आणि नाव कळल्यावर खऱ्या नोंदीला जोडता येईल. यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. १०८ ला फोन लागला की औंधच्या केंद्रात त्या कॉलला क्रमांक पडतोच. राज्याने १०८ च्या पुढच्या टप्प्यासाठी १,७५६ वाहनांची योजना आखली आहे, त्यात बाइक आणि बोट अँब्युलन्सही आहेत. त्या टप्प्याच्या करारात दोन अटी घालता येतील: हा कॉल क्रमांक कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर छापला जावा, आणि डिस्चार्जच्या वेळचं निदान त्याच क्रमांकावर गाडीतल्या डॉक्टरकडे परत यावं. त्यासाठी राज्याच्या आरोग्य खात्याला आणि महापालिकेला एकत्र बसून एका कागदावर सह्या कराव्या लागतील.