हृदयचक्र

हृदयाचा एक ठोका सुरू झाल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत जे जे घडते, त्या साऱ्याला हृदयचक्र म्हणतात. नाडी मिनिटाला ७५ असेल तर एक चक्र ०.८ सेकंदात पुरे होते. ईसीजीचा, म्हणजे हृदयातल्या विजेच्या आलेखाचा, कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो. त्यावर हा ठोका २० मिमी, म्हणजे चार मोठे चौकोन व्यापतो.

आधी वीज, मग दाब, मग झडप, शेवटी आवाज, असा हा क्रम. सोलापुरात मागावर बसलेल्या माणसाला क्रमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. उभे धागे वरखाली होऊन वाट मोकळी झाली की धोटा सुटतो, आडवा धागा पडला की फणी तो ठोकते. धोटा क्षणभर आधी सुटला तर धागे तुटतात.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे, खालचे दोन म्हणजे निलये. उजव्या अलिंदातल्या एसए नोडमधून, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या पेशीपुंजातून, विद्युतलहर निघते, ईसीजीवर पी तरंग उमटतो आणि दोन्ही अलिंदे आकुंचन पावतात. निलये तोवर बरीचशी आपोआपच भरलेली असतात. लहर अलिंदे आणि निलये यांच्या मधल्या एव्ही नोडपाशी सुमारे ०.१ सेकंद रेंगाळते. चक्रातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, कारण अलिंदांतले उरलेले रक्त खाली उतरायला तेवढी सवड मिळते. पुढे लहर निलयांत पसरते, ईसीजीवर तोच क्यूआरएस तरंग.

डावे निलय आवळू लागते. त्यातला दाब अलिंदापेक्षा चढताच या दोहोंमधली द्विदल झडप मिटते आणि छातीवर 'लब्' ऐकू येते. महारोहिणीत, म्हणजे डाव्या निलयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत, मात्र ८० मिमी पारा इतका दाब असतो, त्यामुळे तिची झडप अजून बंदच. सुमारे ०.०५ सेकंद रक्ताला ना मागे वाट, ना पुढे. दाब ८० च्या वर गेला की महारोहिणी झडप उघडते, दाब १२० पर्यंत चढतो आणि निलयातल्या १२० मिलीपैकी सुमारे ७० मिली रक्त बाहेर पडते. टी तरंगासोबत निलय सैलावते, रक्त उलटे फिरू पाहते आणि त्याच रेट्याने झडप मिटते: 'डब्'. झडपांना स्वतःचे स्नायू नसतात. दाबाचा फरकच त्यांना हलवतो. उजवीकडे हेच घडते, फक्त दाब २५ च्या आसपास.

रक्तदाब १२०/८० असला म्हणजे निलयातला दाबही ८० वर थांबतो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. निलयातला दाब जवळजवळ शून्यावर येतो. ८० टिकवून धरतात ती मिटलेली झडप आणि महारोहिणीच्या लवचिक भिंती.

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी घटते, नाडी वाढते. ती १२० झाली तर चक्र ०.५ सेकंदाचे उरते आणि कात्री मुख्यतः प्रसरणाच्या, म्हणजे निलय सैल असण्याच्या, वेळेला लागते. निलय भरते ते याच वेळात, आणि डाव्या निलयाच्या स्वतःच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळते तेही याच वेळात. लहानपणीच्या संधिवाती तापाने द्विदल झडप अरुंद झालेली असेल, तर रक्त उतरायला वेळ पुरत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते.