दीर्घिकेभोवतालचा वायू आणि सरासरीचा घोटाळा

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपलेले 7,653 दीर्घिकांचे क्षीण रेडिओ संकेत एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती अणुरूप हायड्रोजन होता याचे मोजमाप 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावेळच्या वेगाने तारे जन्मत राहिले असते, तर तो साठा एकदोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणजे दीर्घिकेला बाहेरून वायू मिळत राहणे भाग आहे, आणि तो येतो तिच्याभोवती लाखो प्रकाशवर्षे पसरलेल्या आवरणातून.

हे आवरण इतके विरळ असते, की बऱ्याच ठिकाणी एका लिटरमागे जेमतेम एखादा अणू सापडावा. मागच्या एखाद्या क्वासारचा, म्हणजे दूरवरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा, प्रकाश त्यातून आरपार येताना हायड्रोजन, मॅग्नेशियम, ऑक्सिजन आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि वर्णपटात काळ्या रेषा उमटतात. मात्र एका दीर्घिकेमागे असा क्वासार बहुधा एखादाच मिळतो, त्यामुळे उरलेले चित्र महासंगणकावर उभे करावे लागते.

त्यासाठी अवकाशाचे घनाकृती कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यातील वायूची घनता, तापमान आणि गती टप्प्याटप्प्याने काढली जाते. गणनेचा वेळ मर्यादित असल्याने जिथे द्रव्य दाट तिथे कप्पे बारीक आणि विरळ तिथे मोठे, अशी काटकसर वर्षानुवर्षे चालत आली. ती दीर्घिकेच्या अंतर्भागासाठी शहाणपणाची, पण आवरणाच्या मुळावर येणारी. समजा, एका मोठ्या कप्प्यात 10 लाख केल्विनचा तप्त वायू आहे आणि त्याच दाबाखाली, शंभरपट दाट असे 10 हजार केल्विनचे ढग फक्त एक टक्का जागेत आहेत. दोघांचे वस्तुमान जवळपास सारखेच भरते, आणि संगणक सरासरी काढतो सुमारे 5 लाख केल्विन! त्या तापमानाचा वायू तिथे कुठेच नाही, आणि ज्या थंड ढगांमुळे मॅग्नेशियमची रेषा उमटते ते तर हिशेबातूनच पुसले गेले.

बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधील मॉली पीपल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फॉगी’ प्रकल्पात ही काटकसरच मोडली. दीर्घिकेबरोबर सरकणारी एक पेटी आखून, तिच्यात वायू दाट असो वा विरळ, कप्पा हजार प्रकाशवर्षांहून लहानच ठेवायचा, असा नियम त्यांनी एंझो या संगणक-प्रणालीला घातला. (त्यांच्या दीर्घिकांची नावे टेम्पेस्ट, ब्लिझार्ड, सायक्लोन अशी वादळी आहेत, आणि ती शोभतातही.) विश्वाचे वय तीनेक अब्ज वर्षे असतानाचे जे आवरण पूर्वी गुळगुळीत धुक्यासारखे दिसे, तिथे आता स्वतंत्र गतीचे छोटे-छोटे ढग दिसू लागले.

तरी प्रश्न मिटलेला नाही, कारण सिद्धान्तानुसार असे ढग तुटत तुटत एका प्रकाशवर्षाहूनही लहान होऊ शकतात आणि तितके बारीक कप्पे आजच्या कोणत्याही महासंगणकाला संपूर्ण आवरणासाठी परवडणारे नाहीत. म्हणून कसोटी पुन्हा आकाशाचीच लागते: या कृत्रिम आवरणातून हजारो काल्पनिक किरण आरपार सोडून त्यांचे वर्णपट काढायचे आणि दुर्बिणीला मिळालेल्या त्या एकेका खऱ्या वर्णपटाशेजारी ठेवून रेषान् रेषा ताडून पाहायची.