पार्श्वभूमी: व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा का बदलावा लागतो

‘हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, परत बदलावी लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो आधीच्या ऑपरेशनवर. तेव्हा काय चुकलं? हलका व्हॉल्व्ह बसवला का? पथ्य कुणी मोडलं? बहुतेक वेळा कुणाचंच काही चुकलेलं नसतं. दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता पहिल्याच दिवशी हिशेबात धरलेली असते, पण ती रुग्णाला नीट समजावून सांगितलेली नसते. हा हिशेब कसा ठरत गेला, हे कळायला मागे जावं लागतं.

सातारा-सांगलीकडे तरुणपणी व्हॉल्व्ह खराब झालेल्या बहुतेकांच्या आजाराची सुरुवात शाळेच्या वयात, घसा धरण्यापासून झालेली असते. स्ट्रेप्टोकोकस जंतूने दुखणारा घसा चार दिवसांत बरा होतो आणि घरचे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. जंतूशी लढायला शरीराने जी द्रव्यं तयार केलेली असतात, तीच हृदयाच्या झडपांवर उलटतात. हा संधिवाताचा ताप. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात, झडप मात्र हळूहळू जाड होते, कडांनी चिकटते. सर्वांत आधी सापडते ती डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप. दाटीवाटीने राहणाऱ्या घरांत हा घसा एकाकडून दुसऱ्याकडे पटकन जातो. ऊसतोडीच्या हंगामात खोपीत राहणाऱ्या मुलांना धोका जास्त असतो तो याचमुळे. ताप पुन्हा उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी घ्यावं लागतं. मोठ्यांना १२ लाख युनिट, २७ किलोच्या आतल्या मुलांना ६ लाख. ते दुखतं, म्हणून टाळलं जातं आणि गाव बदललं की चुकतं. प्रत्येक नव्या तापाने झडपेचं आणखी नुकसान होतं.

चिकटलेली झडप मोकळी करण्याचे प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीचे. १९२३ साली बॉस्टनमध्ये इलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीची झडप धडधडत्या हृदयातच हत्यार घालून मोकळी केली. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी तेच काम बोटाने केलं. त्यानंतर वीसेक वर्षं हा मार्ग जवळपास बंदच राहिला. १९४८ साली चार्ल्स बेली, ड्वाइट हार्केन आणि रसेल ब्रॉक यांनी तो पुन्हा उघडला. पण बोटाने मोकळी केलेली झडप काही वर्षांनी परत चिकटायची. म्हणजे ‘दुसरं ऑपरेशन’ हे या आजारात पहिल्या दिवसापासूनच आहे. पुढे १९८२ साली जपानमध्ये कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. त्यामुळे आपल्याकडे असंख्य लोकांचं मोठं ऑपरेशन लांबलं. लांबलं, टळलं नाही.

अख्खी झडपच बदलायची, तर हृदय थांबवता यायला हवं. जॉन गिबन यांच्या हृदय-फुप्फुस यंत्रावर पहिलं यशस्वी ऑपरेशन झालं ६ मे १९५३ रोजी. १९६० साली अल्बर्ट स्टार हे सर्जन आणि लॉवेल एडवर्ड्स हे इंजिनिअर यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेला व्हॉल्व्ह मायट्रलच्या जागी बसवला आणि तो टिकला. मग आल्या तिरप्या चकतीच्या, आणि १९७७ पासून दोन पाकळ्यांच्या कार्बनच्या झडपा. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने स्वतःचा व्हॉल्व्ह घडवला. आधीचे नमुने चाचण्यांत नापास झाले, चौथा टिकला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा रुग्णाला बसला. परदेशी व्हॉल्व्हपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडला, आणि आज आपल्या भागात अनेकांच्या छातीत तोच वाजतो आहे.

या कृत्रिम व्हॉल्व्हला (कार्बनचा असला तरी लोक त्याला ‘धातूचा’च म्हणतात) झीज जवळपास नाही, पण त्यावर रक्त गोठतं. म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर. ही गोळी सापडली ती गुरांच्या गोठ्यातून: बुरशी आलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८ साली आधी उंदरांच्या औषधात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी. आपल्याकडे बहुतेकजण घेतात ती ॲसिट्रॉम याच जातीची. रक्त किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा, म्हणजे पीटी-आयएनआर, साधारणपणे महाधमनीच्या झडपेच्या जागी दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह असेल तर २ ते ३, आणि मायट्रलच्या जागी असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात.

दुसरा पर्याय जनावराच्या ऊतीचा. १९६५ साली पॅरिसमध्ये डुकराची झडप माणसाला बसवली गेली. आधीच्या द्रावणांत मुरवलेल्या झडपा लवकर गळायला लागल्या, म्हणून आलँ कार्पेंतिए यांनी ग्लुटाराल्डिहाइड वापरलं आणि आयुष्य वाढलं. हा टिश्यू व्हॉल्व्ह असेल तर जन्मभर ॲसिट्रॉम लागेलच असं नाही. पण तो कालांतराने कडक होतो किंवा फाटतो. साठी-पासष्टीनंतर बसवलेला पंधरा वर्षं आणि पुढेही जातो. चाळिशीच्या आत, त्यातही मायट्रलच्या जागी, दहा वर्षांच्या आतही उतरू शकतो, कारण तरुण शरीर त्यावर कॅल्शियम लवकर चढवतं.

सगळ्यात अवघड निवड येते ती तरुण मुलींच्या वाट्याला, आणि याबद्दल घरात उघड बोललं जात नाही. रक्त पातळ करणारी ही गोळी गरोदरपणात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळात व्यंग आणू शकते. गोळी थांबवली तर आईचा व्हॉल्व्ह अडकू शकतो. म्हणून मूल हवं असेल तर अनेकदा जाणूनबुजून टिश्यू व्हॉल्व्ह बसवतात. मूल होतं, आणि पस्तिशी-चाळिशीत व्हॉल्व्ह उतरतो. अशा बाईला ‘हिचं ऑपरेशन फेल गेलं’ असं ऐकवणं हा सरळ अन्याय आहे. तिच्या व्हॉल्व्हने ठरलेलं काम पूर्ण केलेलं असतं.

धातूचा व्हॉल्व्ह बदलावा लागतो तो बहुधा तीन कारणांनी. गोळी चुकून गुठळी बसली, आतल्या बाजूने मांस वाढून पाकळी अडली, किंवा जंतू शिरले. गुठळीची खूण अनेकदा घरीच कळते: रात्री शांततेत ऐकू येणारी टिकटिक बसकी होते किंवा थांबते, दम लागतो. त्याच तासाला निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. जंतूंची खूण म्हणजे न उतरणारा ताप. इथे गावाकडे हमखास घडणारी चूक अशी, की दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं आणि मग रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) जंतू सापडतच नाही. व्हॉल्व्ह असलेल्याला ताप आला, तर आधी कल्चरसाठी वेगवेगळ्या वेळी तीनदा रक्त, मगच औषध. दातांतूनही जंतू जातात. मिश्री लावून हिरड्या सैल झालेल्या बायकांनी वर्षातून दोनदा दात दाखवावेत, आणि दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा डोस (मोठ्यांना सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर) डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आमच्या भागाची एक वेगळी अडचण आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून मिरज ही दवाखान्यांची पेठ. तरी व्हॉल्व्हच्या ऑपरेशनसाठी लोक वर्षानुवर्षं बाहेर गेले: मुंबई, पुणे, वेल्लोर, १९९१ नंतर पुट्टपर्तीचं मोफत रुग्णालय, मग बंगळूर. आता कराड-कोल्हापूरपर्यंत हृदयाची ऑपरेशनं होतात, आणि २०१३च्या अखेरीपासून उपचारांच्या खर्चासाठी सरकारी आरोग्य योजनेचा आधार या जिल्ह्यांनाही आहे. पण पंधरा वर्षांपूर्वीचा कागद मात्र दुसऱ्या राज्यात किंवा माळ्यावरच्या पिशवीत. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटंच्या कपाटं भिजली. व्हॉल्व्हचं छोटं कार्ड (कंपनी, मॉडेल, मापाचा आकडा, क्रमांक) आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद यांचे फोटो घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवावेत. याचं कारण अगदी रोकडं आहे. जुना टिश्यू व्हॉल्व्ह असेल तर छाती न उघडता, मांडीतून नळी नेऊन त्याच्याच आत नवा बसवता येतो का, हे त्या मापावर ठरतं. १९ किंवा २१ मिलिमीटरच्या आत आणखी एक बसवला तर वाट फार अरुंद होते. मांडीतून व्हॉल्व्ह बसवण्याची सुरुवात आलँ क्रिबिए यांनी २००२ साली फ्रान्समध्ये केली. धातूच्या व्हॉल्व्हच्या आत मात्र हे जमत नाही.

छाती पुन्हा उघडायची तर जोखीम कुठे असते? पहिल्या वेळी हृदय आणि छातीचं हाड यांच्यात मोकळी जागा असते. नंतर तिथे चिकट व्रण तयार होतो आणि उजवा कप्पा, कधी महाधमनीही, हाडाच्या पाठीला चिकटते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांच्यातलं अंतर बघतात. अंतर फार कमी असेल तर हाडाला हात लावण्यापूर्वीच जांघेतली धमनी-शीर मोकळी करून यंत्र जोडण्याची तयारी ठेवतात. शॉक द्यायच्या चिकटपट्ट्या छातीला आणि पाठीला आधीच लावतात, कारण हृदय मोकळं होईपर्यंत आतून शॉक देता येत नाही. हाडातल्या जुन्या स्टीलच्या तारा पुढून तोडतात, पण मागे तशाच ठेवतात. थरथरणारी करवत त्या तारांना टेकली की हाड संपलं हे हाताला कळतं. मग कात्रीने एकेक चिकटलेला पदर सोडवत जायचं. जुना व्हॉल्व्ह दिसेपर्यंतच तास-दीड तास जातो. रक्त जास्त जातं, म्हणून रक्तदाते आधी ठरवून ठेवावे लागतात. योजनेतून करायचं असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा वाढीव खर्च कशात बसतो, हे आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून) भरती होण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी ॲसिट्रॉम थांबवून रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगणार. शेजाऱ्याची आठवण सांगून कुणी स्वतःहून थांबवू नये.

आता सोबतीबद्दल. १९५१ साली बॉस्टनमध्ये हार्केन यांच्याच चार रुग्णांनी एकत्र येऊन ‘मेंडेड हार्ट्स’ ही संस्था काढली. तेव्हा हृदयाचं ऑपरेशन होऊन जिवंत असलेला माणूस बघायलाच मिळत नसे. ऑपरेशनच्या आधी असा माणूस खाटेशेजारी येऊन बसणं, हेच त्यांचं मुख्य काम. तो औषध सुचवत नाही, रिपोर्ट वाचत नाही. ही मर्यादा आजही पाळण्यासारखी आहे. सांगली-साताऱ्यात ही सोबत कुठल्या पाटीखाली मिळत नाही. ती मिळते पीटी-आयएनआरच्या रांगेत, किंवा ‘आमच्या पलीकडच्या गल्लीत एकाचं दोनदा झालंय’ अशा निरोपातून. निरोप मिळाला तर नक्की जावं.

पण कुणाकडे जायचं, तेही बघावं. त्याच जागेचा व्हॉल्व्ह, साधारण तेच वय आणि दुसरं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेला माणूस सगळ्यात उपयोगी. गोळीचा डोस त्याला विचारू नये. एकाला २ मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला ४ लागते. विचारावं ते असं: घशातली नळी निघेपर्यंत हाताने खुणा कशा केल्या? खोकताना उशी छातीशी कशी धरली? तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र किती दिवस आधी सुरू केलं? मेथी-अळू सोडलं की रोज ठरावीकच खाल्लं? (पालेभाज्यांनी गोळीचा परिणाम बदलतो; सोडायची गरज नसते, प्रमाण सारखं हवं. सांगलीची हळदही भाजीत चालते, हळदीच्या गोळ्या-कॅप्सूल मात्र नकोत.) घरी आल्यावर विनाकारण रडू किती दिवस येत होतं? हा प्रश्न पुरुषही विचारतात, दार लावून.

दुसऱ्या वेळची भीती वेगळी असते. पहिल्या वेळी काय होणार ते ठाऊक नसतं, आता एकेक नळी आठवते. आणि रुग्णाइतकीच सोबतीची गरज बाकड्यावर बसलेल्यांना असते. त्यांच्याजवळ असं कुणी बसावं ज्याने हा दिवस आधी काढला आहे, आणि सकाळीच सांगावं की मागच्या वेळचे तास धरून चालू नका, या वेळी जास्त लागतात; दहा वाजले, अकरा वाजले, आतून निरोप नाही, तर अजून व्हॉल्व्हला हात लागलेला नसेल, हृदय हाडापासून सोडवणं चाललेलं असेल; चहा घेऊन या.