गॉज: विरळ विणीच्या कापडाची पार्श्वभूमी

दवाखान्यात जखमेवर ठेवतात त्या जाळीदार कापडाला आपण ‘गॉज’ म्हणतो. मात्र सोळाव्या शतकात हा शब्द युरोपात रूढ झाला तेव्हा तो तलम, पारदर्शक वस्त्रांसाठी वापरला जात होता. त्याचे मूळ काही अभ्यासक गाझा शहराच्या नावात शोधतात, तर काही कच्च्या रेशमाच्या ‘कझ्झ’ या अरबी नावात. विणकरांच्या लेखी गॉज ही विणीची एक जात आहे. तीत शेजारचे दोन उभे धागे आडव्या धाग्याभोवती एकमेकांना ओलांडत जातात, त्यामुळे कापड विरळ असूनही धागे सरकत नाहीत. दवाखान्यातले सुती गॉज बहुधा साध्या विणीचेच असते.

जखम कापडाने बांधण्याची रीत अर्थातच या नावाहून फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत व्रणबंधनासाठी कापूस, लोकर, रेशीम अशा अनेक वस्त्रांची यादी आढळते. गॉजला शस्त्रक्रियेत मानाचे स्थान दिले ते ब्रिटिश शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनी. ग्लासगोत 1865 पासून ते कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुमुक्त ठेवू लागले होते, पण हे आम्ल त्वचेला झोंबे आणि लवकर उडून जाई. पुढे त्यांनी ते राळ व पॅराफिन यांत मिसळून विरळ मलमलीत मुरवले आणि तिचे आठ थर जखमेवर बांधण्याची पद्धत बसवली. औषध धाग्यांत टिकून राही आणि स्रावाला छिद्रांतून वाट मिळे. इंग्लंडमधील शल्यवैद्य सॅम्पसन गॅमगी यांनी 1880 मध्ये आणखी एक सुधारणा केली. कच्च्या कापसाला अंगचे मेण असल्याने तो पाणी नीट शोषत नाही. ते मेण काढलेला कापूस त्यांनी गॉजच्या दोन थरांमध्ये ठेवला. त्याआधीच, 1852 मध्ये, डच लष्करी शल्यवैद्य मातेइसेन यांनी विरळ कापडात कोरडे प्लास्टर घोळवून अस्थिभंगासाठी पट्ट्या तयार केल्या होत्या.

आपल्याकडे विरळ आणि पातळ कापडाचे खरे काम गाळण्याचे. ‘वस्त्रगाळ’ हा शब्दच त्याची साक्ष देतो, आणि चक्का बांधायला आजही पातळ फडकेच लागते. नारूच्या निर्मूलनातही, मराठी मुलखासह, पाणी कापडातून गाळून पिण्यावर भर होता, कारण त्या कृमीच्या अळ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून पोटात जातात. भारत 2000 मध्ये नारूमुक्त घोषित झाला.

शस्त्रक्रियागृहात मात्र या कापडाचा मऊपणाच अडचणीचा ठरतो. रक्ताने भिजलेले गॉज शरीरात सहज नजरेआड होते आणि साधे सूत क्ष-किरणांत दिसत नाही. म्हणून त्यात क्ष-किरणांना अडवणारा धागा विणतात, आणि टाके घालण्यापूर्वी प्रत्येक तुकडा मोजून घेतात.