जड ताऱ्यांचा वारा आणि रेडिओचा आकडा : थोडी पार्श्वभूमी

सूर्याच्या वीस-तीस पट जड तारा शेवटी न्यूट्रॉन तारा होणार की कृष्णविवर, आणि झालंच तर केवढं, हे बऱ्याच अंशी त्याने आयुष्यभर वाऱ्यातून, म्हणजे पृष्ठभागावरून सतत बाहेर वाहणाऱ्या वायूतून, किती वस्तुमान गमावलं यावर ठरतं. म्हणून हा आकडा एवढा महत्त्वाचा, आणि बरीच वर्षं त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा म्हणजे रेडिओचा, म्हणजे ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरून काढलेला, असं मानलं जायचं.

वारा आहे हे आधीच कळलं होतं. वुल्फ आणि रायेट यांना १८६७ मध्ये पॅरिसहून हंस तारकासमूहात वर्णपटात रुंद, ठळक रेषा असलेले तीन तारे दिसले, १९२९ मध्ये बील्सने सांगितलं की हा बाहेर धावणारा वायू आहे, मग साठच्या दशकात मॉर्टनने रॉकेटमधून मृगातल्या ताऱ्यांचे अतिनील वर्णपट घेतले तर वेग निघाला सेकंदाला हजार किलोमीटरच्याही वर. पण वेग कळला म्हणून माल किती जातोय ते कळत नाही ना.

१९७३ मध्ये वेंडकर, बार्स आणि आल्टेनहॉफ यांना पी सिग्नी या ताऱ्याकडून रेडिओ सिग्नल मिळाला. १९७५ ला राइट-बार्लो आणि पनाजिया-फेली या दोन जोड्यांनी वेगवेगळं गणित मांडलं आणि उत्तर एकच आलं. वाऱ्यातले सुटे इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना रेडिओ लहरी सोडतात, आणि वारा आत दाट असल्यामुळे जितकी फ्रिक्वेन्सी कमी तितका आपल्याला वरचाच थर दिसतो, त्यामुळे तीव्रता फ्रिक्वेन्सीच्या ०.६ घाताने वाढते. हा ०.६ दिसला की समजायचं वाराच आहे. तिथवर वाऱ्याने पूर्ण वेग गाठलेला असतो, म्हणून तीव्रता, अंतर आणि वेग एवढं हातात असलं की वस्तुमानाचा दर काढता येतो. मला तर हे गणित अजूनही फार सुंदर वाटतं.

पण सिग्नल जेमतेम काही मिलिजान्स्की (रेडिओ तीव्रतेचं अगदी छोटं एकक), त्यामुळे खरं काम न्यू मेक्सिकोतली २७ अँटेनांची रेडिओ दुर्बीण व्हीएलए आल्यावरच झालं. अॅबट, बीगिंग आणि चर्चवेल यांनी एकेक तारा घेतला, बऱ्याच ताऱ्यांचे दर वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास आले, सूर्याच्या स्वतःच्या वाऱ्याच्या कोट्यवधी पट!

आणि त्याच टीमला १९८४ मध्ये दोन तारे असे सापडले ज्यांचा सिग्नल बदलत होता आणि ०.६ च्या नियमात बसतच नव्हता. हा सिग्नल गरम वायूचा नव्हे, चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा. त्यातला सिग ओबी२ क्रमांक ९ हा जोडतारा आहे हे २००८ मध्ये कळलं, दोघांचे वारे आपटतात तिथून हे येतं. अशा ताऱ्याच्या तीव्रतेवरून सरळ दर काढला तर तो चुकणारच.

दुसरा धक्का जास्त खोल होता. रेडिओची तीव्रता घनतेच्या वर्गावर चालते, म्हणजे वारा एकसारखा नसून गाठीगाठींचा असेल तर तेवढ्याच वस्तुमानातून जास्त सिग्नल येतो आणि आपण दर फुगवून सांगतो. २००६ मध्ये फुलरटन, मासा आणि प्रिंजा यांनी फॉस्फरसच्या अतिनील रेषा तपासल्या, ज्या घनतेच्या वर्गावर नाही, सरळ घनतेवर चालतात, आणि दर काही ताऱ्यांत दहा पट किंवा त्याहूनही कमी निघाले. त्यावर बराच वाद झाला, त्या रेषांवरही गाठींचा परिणाम होतो हे पुढे आलं, पण तेव्हापासून रेडिओचा आकडा ही वरची मर्यादा धरतात, आतल्या-बाहेरच्या थरांत गाठी किती ते वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवरून काढायचं.

आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी इथे कामाची, कारण आपटणाऱ्या वाऱ्यांचा सिग्नल कमी फ्रिक्वेन्सीला वाढतो. हंसातल्या मोठ्या पट्ट्याची ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झवर पाहणी तिथूनच झाली. अडचण एवढीच की खूप खाली गेलं तर वारा स्वतःच तो सिग्नल गिळतो.