श्रोतृस्पर्धा (रेडिओ)

श्रोते जोडण्यासाठी आणि प्रायोजकाचे नाव त्यांच्या कानी राहावे यासाठी रेडिओ केंद्राने बक्षीस लावून घेतलेली स्पर्धा. आवाज ओळखा, गाणे पुरे करा, ठरावीक क्रमांकाचा कॉलर व्हा, सोडत, अशी तिची रूपे आहेत.

भारतातील ठळक उदाहरण ‘बिनाका गीतमाला’. हिट परेड म्हणून गाजलेला हा कार्यक्रम १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला तो स्पर्धा म्हणून. अर्ध्या तासात सात चित्रपटगीते उलटसुलट क्रमाने वाजत. श्रोत्यांनी ती कालानुक्रमे लावून पत्राने कळवायची. बक्षीस अवघे १०० रुपये. तरी पहिल्याच भागाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. त्याच सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना ओहोटी लागली होती, त्याचाही सिलोनला फायदा झाला. एवढी पत्रे तपासणे निवेदक अमीन सयानी यांच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा गुंडाळून लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. उत्तरे मोजणार कोण, हे प्रोमो वाजण्याआधी ठरवावे लागते ते यामुळेच.

बक्षिसाच्या रकमेला केंद्रे फाजील महत्त्व देतात. फोन लावणाऱ्यांपेक्षा नुसते ऐकणारे कितीतरी जास्त असतात. त्यांनाही स्वयंपाक करता करता उत्तर देऊन पाहता आले, तर स्पर्धा जमली. आरजेला नियम दोन वाक्यांत सांगता येत नसतील तर ती फसलीच म्हणायची.

अचाटपणाची हौस महागात पडते. अमेरिकेत सॅक्रामेंटोच्या केडीएनडी केंद्राने जानेवारी २००७ मध्ये लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा घेतली. बक्षीस व्हिडिओ गेमचे यंत्र होते. भाग घेतलेली एक महिला त्याच दिवशी दगावली. २००९ मध्ये ज्यूरीने तिच्या कुटुंबाला सुमारे १.६५ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या काही कार्यक्रमांत बनावट विजेते उभे केले गेले, तर काही आधीच ध्वनिमुद्रित झालेले कार्यक्रम थेट असल्याचे भासवून श्रोत्यांना स्पर्धेत बोलावले गेले. त्याबद्दल ऑफकॉम या नियामक संस्थेने २००८ मध्ये ४ लाख पौंड दंड केला.

भारतात बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.