‘कुठे निघालात?’ या प्रश्नाचे कोरियन उत्तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नोकरी, प्रशिक्षण किंवा शिक्षणासाठी दक्षिण कोरियात जाणाऱ्या आमच्या ग्राहकांना आणि विशेषतः त्यांच्याबरोबर जाणाऱ्या कुटुंबीयांना पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न अनेकदा ऐकू येतो. इमारतीच्या उद्वाहकात भेटणाऱ्या शेजारच्या आजी, पहारेकरी किंवा कार्यालयातील सहकारी सहज विचारतात, ‘ऑदि गासेयो?’, म्हणजे ‘कुठे निघालात?’ आपल्या वाड्यांत आणि चाळींत हा प्रश्न जसा चौकशीपेक्षा विचारपूस म्हणून येतो, तसाच तो तेथेही येतो. त्यामुळे सविस्तर हिशेब देण्याची गरज नसते, परंतु गप्प राहणे मात्र बरे दिसत नाही. हे पत्रक त्या एका उत्तरापुरते आहे.

‘बाजारात जातो’ याला कोरियनमध्ये ‘शिजाङे गायो’ म्हणतात. ‘शिजाङ’ म्हणजे बाजार, ‘ए’ हा आपल्या ‘-त’ किंवा ‘-ला’सारखा मागून जोडायचा प्रत्यय आणि ‘गायो’ हे क्रियापद. शब्दांचा क्रम मराठीप्रमाणेच असल्यामुळे वाक्य उलटे-सुलटे करावे लागत नाही. शिवाय प्रत्यय लागताना ‘दुकान’चे ‘दुकाना-’ होते, तसे सामान्यरूपही तेथे होत नाही, आणि जातो, जाते, जातात या सर्वांसाठी ‘गायो’ हे एकच रूप चालते. ‘मी’ या अर्थाचा ‘चॉनुन’ हा शब्द असला, तरी बोलताना तो बहुधा गाळला जातो.

येथे एक चूक जवळजवळ प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून होते. प्रश्नात ‘गासेयो’ ऐकलेले असते, म्हणून उत्तरही ‘शिजाङे गासेयो’ असे दिले जाते. ‘गासेयो’ हे आदरार्थी रूप असून ते समोरच्या व्यक्तीसाठी वापरतात. स्वतःसाठी ते वापरणे म्हणजे ‘आम्ही बाजारात चाललो आहोत’ असे राजेशाही थाटात सांगण्यासारखे आहे. ऐकणारे रागावत नाहीत, हसतात. तरीही ही सवय पहिल्या दिवसापासून मोडलेली बरी.

उच्चारांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आम्ही ‘ऑ’ हे चिन्ह ज्या स्वरासाठी वापरले आहे, तो ‘अ’ आणि ‘ओ’ यांच्या मधला आहे, आणि त्याची ‘ओ’शी गल्लत झाल्यास शब्द बदलू शकतो. ‘ज’ आणि ‘च’ हे ‘जिरे’ व ‘चिवडा’ यांतल्यासारखे उच्चारावेत, ‘जावई’ व ‘चमचा’ यांतल्यासारखे नव्हेत. ‘ङ’ हा ‘वाङ्मय’ शब्दातला असून त्यामागे ‘ग’ उमटू देऊ नये. कोरियन भाषेत क, ख आणि जोर देऊन म्हटलेला क्क हे तीन वेगळे वर्ण आहेत. महाप्राण वर्ण मराठी माणसाच्या जिभेवर आधीच असल्याने ‘ख’ आणि ‘फ’ फारसे अडत नाहीत. शब्दाच्या आरंभी येणारा ‘क्क’ किंवा ‘प्प’ मात्र सरावानेच साधतो. (पत्रकातील ‘फ’ ‘फूल’मधला आहे, ‘ऑफिस’मधला नाही.)

आता दुकानांची नावे. ती सुटी सुटी पाठ करण्यापेक्षा त्यांची शेपटे ओळखावीत, असे आमचे मत आहे. ‘जॉम’ने संपणारा शब्द बहुधा दुकान असतो: ‘सॉजॉम’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, ‘आन्ग्यॉङजॉम’ म्हणजे चष्म्याचे दुकान, ‘फ्यॉनिजॉम’ म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारे आणि बहुधा रात्रभर उघडे असणारे छोटे दुकान. ‘कागे’ हा दुकानासाठीचा साधा, घरगुती शब्द आहे, आणि त्यापासून ‘क्वाइलगागे’ हे फळांचे दुकान व ‘ओत्कागे’ हे कपड्यांचे दुकान होते. ‘चिप’ म्हणजे घर. आपण ‘उपाहारगृह’ म्हणतो, त्याच रीतीने फुलांच्या दुकानाला ‘क्कोत्चिप’ आणि पावाच्या दुकानाला ‘प्पाङचिप’ म्हणतात. यातील ‘प्पाङ’ हा मूळचा पोर्तुगीज शब्द जपानमार्गे कोरियात गेला, आणि आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दापासून आला आहे, त्यामुळे हे नाव विसरण्याचे कारण नाही.

औषधांच्या दुकानाला ‘याक्कुक’ म्हणतात. ‘फ्यॉनिजॉम’मध्ये 2012 पासून तापाच्या गोळ्यांसारखी काही मोजकी औषधे मिळू लागली असली, तरी बाकी सर्वांसाठी ‘याक्कुक’च गाठावे लागते. मोठ्या ‘माथु’ (म्हणजे ‘मार्ट’) दुकानांना महिन्यातून दोन दिवस बंद राहण्याचे बंधन त्याच वर्षापासून लागू झाले. हे दिवस अनेक ठिकाणी दुसरा व चौथा रविवार असतात, पण काही भागांत आठवड्यातले इतर वार ठरलेले आहेत. म्हणून ‘माथुए गायो’ म्हणताच शेजाऱ्याने मान हलवून काही सांगितले, तर आज दुकान बंद असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

प्रत्यय जोडताना काही शब्दांचा शेवटचा वर्ण बदलतो. ‘याक्कुक’ला ‘ए’ लागून ‘याक्कुगे’ होते आणि ‘प्पाङचिप’चे ‘प्पाङचिबे’. शाळेत वाक् आणि ईश मिळून ‘वागीश’ होतो हे ज्यांनी शिकले आहे, त्यांना वेगळा नियम सांगावा लागणार नाही. दोन दुकाने सांगायची असल्यास पहिल्याला ‘हागो’ जोडावे: ‘याक्कुखागो प्पाङचिबे गायो’, म्हणजे औषधांच्या आणि पावाच्या दुकानात जाते. ‘क’ आणि ‘ह’ एकत्र येऊन ‘ख’ झाला आहे, हे लक्षात येईलच. क्रम सांगायचा असल्यास ‘मॉन्जॉ याक्कुगे गागो, कुदाउमे शिजाङे गायो’, म्हणजे आधी औषधांच्या दुकानात आणि त्यानंतर बाजारात जाते, असे म्हणावे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र पुढील भेदाकडे द्यावे. मराठीत आपण ‘बाजारात जाते’ आणि ‘बाजारात फळे घेते’ या दोन्ही वाक्यांत ‘-त’ हाच प्रत्यय वापरतो. कोरियन भाषा येथे फरक करते. जाण्याचे ठिकाण सांगताना ‘ए’ येतो, परंतु त्या ठिकाणी एखादी क्रिया घडत असेल तर ‘एसॉ’ लागतो: ‘शिजाङे गायो’, पण ‘शिजाङेसॉ क्वाइरुल सायो’. मराठीत विचार करून बोलणाऱ्याची नेमकी येथेच फसगत होते, आणि आपली भाषा या बाबतीत मदतीला येत नसल्यामुळे आम्ही वर्गात या दोन वाक्यांची जोडी सर्वाधिक वेळा म्हणवून घेतो. टॅक्सीत बसल्यावर तिसराच प्रत्यय लागतो: सोलच्या प्रसिद्ध नाम्देमुन बाजाराकडे जायचे असेल, तर ‘नाम्देमुन शिजाङुरो गा जुसेयो’, म्हणजे ‘नाम्देमुन बाजाराकडे चला’, असे चालकाला सांगावे.

घरातून निघताना नुसते ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणावे, अशी आपल्याकडची शिकवण आहे. कोरियन घरांतही बाहेर पडणारी व्यक्ती ‘तान्यॉ ओल्केयो’ म्हणते, ज्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’ असाच आहे, आणि घरातील माणसे ‘तान्यॉ ओसेयो’, म्हणजे ‘जाऊन या’, असे उत्तर देतात. परत येताना तेच शेजारी पुन्हा भेटल्यास ‘शिजाङे कात्ता वास्सॉयो’, म्हणजे ‘बाजारात जाऊन आले’, एवढे पुरते.

आमच्या पहिल्या तासाला येताना ग्राहकांनी आपल्याला रोज लागणाऱ्या पाच-सहा दुकानांची यादी मराठीतच लिहून आणावी. शिंप्यापासून किराणा दुकानापर्यंत त्यात काहीही चालेल. सराव त्या यादीवरूनच घेतला जातो.